नूर महंमदचं मशीन

शेवटचं गाणं सुरू झालं आणि नूर महंमदने लाउडस्पीकरच्या मशीनवरच्या आवाजाच्या बटणावर अंगठा ठेवला. अंगठ्याला घाम फुटला होता. डिसेंबरातली दुपार, कॉलेजच्या मांडवात गार वारं शिरत होतं, तरी फुटला होता.

स्टेजवर पुण्याहून आलेली चार पोरं होती. सिनेमातलं एकही गाणं त्यांनी वाजवलं नव्हतं. सगळी स्वतःची, एकेक पंधरा मिनिटांचं, मध्येच थांबणारं, मध्येच पळत सुटणारं. गाणं थांबलं की जळगावकर टाळ्या वाजवून मोकळे होत, ते पुन्हा सुरू झालं की ओशाळत. त्याचं नूरला काही नव्हतं. त्याची धास्ती वेगळी होती.

या गाण्याच्या शेवटी शिट्टी होती. माइक स्पीकरच्या बॉक्सपुढे आला की मशीन किंचाळतं, तीच. गिटारवाला बॉक्ससमोर जाऊन उभा राहणार आणि मशीनने चांगली मिनिटभर शिट्टी मारायची. तेव्हा आवाज कमी करू नका काका, असं त्याने सकाळीच सांगून ठेवलं होतं आणि नूरने मान डोलावली होती.

मान डोलवायला काय जातं? बावीस वर्षांत नूरच्या मशीनने भर कार्यक्रमात शिट्टी मारली नव्हती. एरंडोलपर्यंतची लग्नघरं पत्रिका छापायच्या आधी नूरला तारीख विचारत, ती एवढ्यासाठीच. आणि समोर पहिल्या रांगेत कॉलेजच्या संस्थेचे चेअरमन चुडामण नाना बसले होते. रविवारी नशिराबादला त्यांच्या मुलीचं लग्न, मशीन नूरचं. नानांनी एकदा नावं ठेवली, की त्या माणसाला दुसरं कोणी बोलवत नसे.

पण सकाळी रिकाम्या मांडवात पोराने ती शिट्टी वाजवून दाखवली, तेव्हा नूरच्या अंगावर काटा आला होता. जिला जन्मभर दाबत आलो, ती अशीही वाजते हे त्याला ठाऊकच नव्हतं. पुन्हा एकदा वाजव, असं तोच म्हणाला होता.

गिटारवाला बॉक्सकडे वळला. बारीक सूर निघाला आणि चढत गेला. पहिली रांग मागे वळली. गिटारवाल्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, सगळे नूरकडे बघत होते. एका बाईने लेकराच्या कानांवर हात ठेवले.

नूरचा अंगठा आपोआप फिरला. सवयच ती. शिट्टी खाली बसली.

गिटारवाल्याने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. गावोगाव हेच होत असावं, असं ते पाहणं होतं. नूरला फार लाज वाटली.

तेवढ्यात कॉलेजचा शिपाई भिकन वाकत वाकत त्याच्यापाशी आला.

"नाना पुसी ऱ्हायनात, मशीन बिघडनं का?"

नाही म्हणावं, तर मग शिट्टी कसली ते सांगावं लागणार. गाणंच तसं आहे म्हटलं असतं, तर नाचता येईना अंगण वाकडं म्हणून सगळे हसले असते. वर, बंद कर ते, असा नानांचा निरोप आला असता तो वेगळाच.

"हा, बिघडनं," नूर म्हणाला. "आते मन्हा हातमा नही."

भिकन वळला तसं नूरने बटण सकाळी शिट्टीसाठी केलेल्या खुणेपर्यंत नेलं. शिट्टी उठली आणि मांडवभर पसरली. ती संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

टाळ्या पडल्या, त्या थोड्या आणि मागच्या बाकांवरून. मांडव रिकामा होऊ लागला तसे नाना स्वतः आले. त्यांनी नूरच्या खांद्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मशीन म्हतारं व्हई गयं रे तुनं," मशीनकडे हात करून ते म्हणाले. "ऐतवारले दुसरं लई येजो."

गिटारवाला वायर गुंडाळत जवळच उभा होता. बोली त्याला नीट कळली नाही, पण मशीनकडे झालेला हात कळला. खरं काय ते सांगायला तो पुढे आला. नूरने त्याचं मनगट धरलं.

"लई येस नाना," तो म्हणाला. "दुसरंच लई येस."

आणायला दुसरं मशीन त्याच्याकडे नव्हतंच. आज बुधवार होता. याच मशीनला निळा रंग मारला, तर रविवारपर्यंत वाळला असता.