घातलेला वेलदोडा

"महिना झाला, कान नुसते ठणकतायत," कृष्णराव पुटपुटले.

बोलले ते शेजारी बसलेल्या गरिमाशी, पण अपर्णाला ऐकू गेलं. म्हणजे आता कानही. वय त्र्याहत्तर, आणि अशा माणसाला आपण आज परीक्षेला बसवलंय.

तेही त्यांच्याच क्लासमध्ये, त्यांच्याच सतरंजीवर. गोरखी महालाजवळच्या याच खोलीत आठव्या वर्षी ती पहिला सा लावायला शिकली होती. पुढे गाणं सुटलं, चित्रं धरली, आणि आता ती एका बेसूर मोरावर अॅनिमेशनपट करत होती. मोर नाचतो छान, गातो भयंकर. सिनेमात सात गाणी. अशा कामात चित्रांच्या आधी गाणं लागतं, निदान कच्चं तरी, म्हणजे मोराचं पाऊल कुठं पडायचं ते ठरतं. ती सातही कच्ची गाणी कृष्णरावांनी, सगळ्यांच्या अण्णांनी, पेटीवर बसून करून दिली होती. दोन वर्षं, अपर्णाच्या एका शब्दावर.

आणि अपर्णानं तीच गाणी, त्यांना न विचारता, नमुना म्हणून मुंबईला राजवर्धनकडे पाठवली होती.

राजवर्धनची गाणी वरातीत वाजतात आणि व्यायामशाळेतही. सिनेमाच्या निर्मात्या शालिनीताई खासगी बाजार नावाच्या पेठेत तिळाच्या गजकचं दुकान चालवत, आणि त्यांचं म्हणणं दुकानदारासारखंच सरळ होतं. "आपल्या मोराला कोण ओळखतं, सांग. राजवर्धनला शेंबडं पोरही ओळखतं."

चित्रांचं काम बघणारा शंतनु दोन्ही डगरींवर हात ठेवून असायचा. "अण्णांचं गाणं म्हणजे सोनं. पण आजकालची पोरं सोनं घालतात कुठे?"

हा वाद शेवटी कृष्णरावांच्या कानावर गेलाच. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "शेवटच्या गाण्याला दोघंही नव्यानं चाल लावू. महिन्यानं आपल्या क्लाससारखा कौल घ्या."

क्लासचा कौल म्हणजे गाणारा पडद्याआड. नाव कानात शिरलं की सूर बाहेर राहतो, असं अण्णा म्हणत. ऐकणाऱ्यानं समोरच्या दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एकीत वेलदोडा घालायचा. घातलेला वेलदोडा परत काढायचा नाही.

गरिमा ही अण्णांची सगळ्यात धाकटी शिष्या, आणि सिनेमाचं रेकॉर्डिंगही तीच सांभाळायची. आवाजावरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही चाली तिनंच गायल्या होत्या. "ताई, नंबर मी टाकलेत. कौनसी किसकी, ते फक्त मला माहीत आहे." एवढं बोलून तिनं नजर खाली वळवली ती वळवलीच.

पहिली चाल सुरू झाली. साथीला नुसती पेटी. संथ, सोज्वळ, भाता ओढल्याचा उसासासुद्धा ऐकू येत होता. अपर्णानं डोळे मिटले. कसला पडदा आणि कसलं काय, ही पेटी अण्णांचीच. छान होती. नेहमीसारखी छान.

मग दुसरी. आधी ढोल, मग टाळ्या, मग कुठून तरी बासरी उतरली. शालिनीताईंच्या बांगड्या आपोआप वाजू लागल्या. शंतनुचं बोट हवेत मोराचं पाऊल काढायला लागलं. आणि अंतऱ्यात मोराचा तो सबंध सिनेमाभर चुकलेला सूर असा अलगद जागेवर आला, की अपर्णानं डोळे उघडले. तिनं चोरून कोपऱ्यात पाहिलं. कृष्णराव मान डोलावत होते. केवढं मोठं मन, तिला वाटलं, आणि आणखीच लाज वाटली.

वेलदोडा तिच्या मुठीत घामेजला. या माणसाला आज हरवलं, तर पुन्हा या खोलीची पायरी कशी चढायची? तिनं तो पहिल्या वाटीत टाकला. आपल्या एकटीच्या मतानं काय होणार आहे?

गरिमानं वाट्या उघडल्या. पहिलीत तीन. दुसरी रिकामी.

"अभिनंदन, अण्णा," शालिनीताई म्हणाल्या. महिनाभर राजवर्धनच्या नावाचा जप केलेल्या बाई कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हत्या.

कृष्णराव वाटीकडे बघत राहिले. "तिन्ही पहिलीत?"

"साधी आहे हो. आपल्या मातीतली," शंतनु म्हणाला.

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे नुसता गोंगाट."

"दोन दिवसांत विसरतील लोक," शालिनीताईंनी पुस्ती जोडली. त्यांचं बोट अजून मांडीवर तोच ठेका धरून होतं.

गरिमाचे डोळे भरले. "अण्णा, मैं बता दूँ?"

"थांब बेटा. अपर्णा, तू सांग. दुसरी वाईट होती?"

याच सतरंजीवर एक सूर चुकला तर या माणसानं तिला शंभरदा तो लावायला लावला होता. त्यांच्यासमोर खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"नाही, अण्णा. दुसरीच चांगली होती. आम्हा तिघांनाही तीच आवडली. पण तुम्हाला या वयात नाही म्हणवेना, म्हणून आम्ही..." तिचा हात पहिल्या वाटीकडे गेला. "मी माझा काढून घेते."

कृष्णरावांनी वाटीवर तळवा ठेवला.

"घातलेला वेलदोडा काढायचा नसतो." मग त्यांनी गरिमाच्या गळ्यातला हेडफोन उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "हा आता नको गं मला. महिनाभर कानाला चावला. राजवर्धनला कळवून टाका, पेटी बरी वाजवतो म्हणावं. दुसरी माझी होती."