मानाची फळी

संजीवने गाडीतून काढलेलं जळकं, काळंकुट्ट ऑईल फडक्यावर ओतलं आणि घरामागच्या ओट्यासारख्या लाकडी डेकच्या मधल्या दोन फळ्यांवर रगडून रगडून चोळलं. लाकूड मुळातच गडद तांबडं. ऑईल त्यात दिसेनासं झालं. बोट लावलं की बोट मात्र काळं होत होतं. ते त्याने समाधानाने जुन्या चड्डीला पुसलं.

"आता परत लाकडाला तेल?" सुमेधाने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. "गेल्या आठवड्यात झालं होतं ना सगळं? दुपारी इथेच माणसं जेवायला बसायचीयेत."

"दोन फळ्या राहिल्या होत्या," तो बायकोला म्हणाला.

हा डेक त्याने एकट्याने बांधला होता. मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या घरामागे खड्डे खणले, काँक्रीट ओतून खांब उभे केले, वर तुळया टाकल्या आणि सबंध हिवाळा शनिवार-रविवार फळ्या ठोकण्यात घालवला. प्रत्येक खिळा ठोकताना त्याच्या डोळ्यांपुढे शिरीषचं टक्कल असायचं. शेजारचा केव्हिन कुंपणावरून ओरडायचा, "ईझी, मेट! इट्स ओन्ली अ नेल!" त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

शिरीषने केलंच तसं होतं. एकोणऐंशी साली संजीवच्या भाड्याच्या खोलीत फोन नव्हता. पुण्याहून काही निरोप असला तर तो शिरीषच्या घरी यायचा. त्या दिवशी शिरीषकडे पाडव्याची पंगत होती. पानं वाढली जात असतानाच फोन वाजला. संजीवचे बाबा गेले होते. शिरीषने रिसीव्हर ठेवला, श्रीखंडाचं पातेलं उचललं आणि तो संजीवला वाढत सुटला. "पोटभर खा रे, लाजू नकोस." संजीवने पुन्हा पुन्हा श्रीखंड मागून घेतलं, वर विनोद सांगून पंगत हसवली. हात धुऊन झाल्यावर शिरीषने त्याला बाजूला नेलं आणि मग सांगितलं.

विमान काही त्या दुपारी मिळणार नव्हतंच, हे संजीवलाही कळत होतं. राग त्याचा नव्हता. बाप तिकडे तिरडीवर आणि मुलगा इकडे बोटं चाटतोय, हे या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पाहून आणखी वाढलं, याचा होता. "तुला माझ्या बापापेक्षा तुझी पंगत मोठी!" तो सगळ्यांदेखत ओरडला होता. शिरीष नुसता मान खाली घालून उभा राहिला. तेव्हापासून संजीवने त्याचं तोंड पाहिलं नाही आणि श्रीखंडालाही हात लावला नाही.

यंदा आई पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियात आली होती. या भांडणातलं तिला काही माहीत नव्हतं. इतक्या लांब असलं कुणी कळवत नाही. नव्या डेकवर तिच्यासाठी पंगत घालायची ठरली आणि संजीवने स्वतःहून शिरीषला बोलावलं. सुमेधाला नवल वाटलं, बरंही वाटलं. शिरीष आता मराठी मंडळाचा अध्यक्ष होता आणि समारंभाला पांढऱ्याशुभ्र रेशमी झब्बा-लेंग्याशिवाय दुसरं काही घालत नसे. "पाट मांडू नकोस," संजीवने बायकोला बजावलं. "अख्खा डेकच लाकडाचा, पाट हवेत कशाला?" जेवणं झाली की अध्यक्ष आभाराचं भाषण करायला उठणार, वळणार, आणि मेलबर्नमधली सगळी मराठी मंडळी त्यांना मागून बघणार. सूड काही फार मोठा नव्हता. पण अपमान पंगतीतला होता, तो पंगतीतच फेडायचा होता.

दुपारी माणसं ओळीने बसली. मधल्या ताटाभोवती संजीवने स्वतःच्या हाताने रांगोळी घातली होती. शिरीष आला. तसाच, बगळ्यासारखा पांढरा. डोळे मात्र ओले.

"बोलावलंस संजीव. बरं वाटलं रे."

"ही तुझी जागा. मानाची."

"छे, छे. तू बस, मी वाढतो."

"नाही. आज तू बसायचंस." संजीव त्याचा खांदा धरून त्याला खाली दाबू लागला.

तेवढ्यात आई श्रीखंडाचं पातेलं घेऊन बाहेर आली. "बस रे शिरीष," ती म्हणाली. "त्या दिवशी याला वाढता वाढता तुझंच जेवण राहिलं असेल."

"कुठल्या दिवशी?" संजीवने विचारलं.

"तुझे बाबा गेले त्या दिवशी. फोनवर मीच नव्हतं का याला सांगितलं? एकदा कळलं की तू दोन दिवस पाण्यालासुद्धा शिवणार नाहीस, मला ठाऊक नाही? म्हटलं, आधी तुझ्या हाताने पोटभर वाढ त्याला, मग सांग. आणि माझं नाव घेऊ नकोस. नाहीतर पोराला वाटायचं, आईला काही वाटलंच नाही." ती थांबली. "म्हणजे अजून बोलला नाहीस होय रे शिरीष?"

शिरीषची मान खाली, तेव्हा होती तशीच. त्याचे गुडघे वाकले होते, फळीला टेकायला वीतभरच उरलं होतं.

संजीवने दंडाला धरून त्याला उभं केलं. आईच्या हातातलं पातेलं घेऊन त्याच्या हातात दिलं. मग आईने पुण्याहून आणलेल्या कोऱ्या पांढऱ्या लेंग्यानिशी तो त्या दोन फळ्यांवर मांडी घालून बसला.

"तू वाढ, शिरीष," तो म्हणाला. "पोटभर वाढ."