गॅलरीतली खुर्ची

तालमीत ती पुन्हा तिथेच अडकली. दुसऱ्या अंकात, लेकीला जाब विचारताना. तोंड उघडलं, हात वर गेला, आणि पुढे शब्दच नाही. विंगेतून मास्तरांनी हळूच वाक्य सुचवलं. तिने ते उचललं, पण आवाजातली सगळी रग निघून गेली होती.

"पाच मिनिटं थांबू या," दिग्दर्शक म्हणाला. पोरगा शहाणा होता, रागावला नाही. त्याचंच तिला जास्त लागलं.

ती तडक विंगेत गेली. मास्तर म्हणजे त्यांच्या नाटकमंडळींचे जुने प्रॉम्प्टर. तिची पहिली भूमिका त्यांनीच सांभाळून घेतली होती.

"मास्तर, माझ्या जागी दुसरी कोणीतरी बघा. मी आजच सांगून टाकते."

"का? झालं काय?"

"आईसारखं होतंय." आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. शेवटी ती पोटच्या मुलीलाच 'आपण कोण' म्हणून विचारायची. ही भीती पोटात घेऊन ती एकटीच हिंडत होती. नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पाठांतर अजून तसंच करता? घरातून फिरत?"

ती तसंच करायची. एकेक वाक्य घरातल्या एकेका वस्तूवर ठेवून द्यायची आणि बोलताना मनातल्या मनात दारातून आत शिरून ती उचलत जायची. या युक्तीने आजवर दगा दिला नव्हता. तिच्या पाठांतराला दृष्ट लागेल, असं सगळे म्हणायचे.

"मग मलाही न्या की घरात. बघू तरी कुठे धडपडताय."

तिने डोळे मिटले. चपलांच्या रॅकवर पहिलं वाक्य. आरशावर दुसरं. मग दिवाण, टीव्ही, पुस्तकांचं कपाट. कपाटावरची लांबलचक वाक्यंही तिने घडाघडा म्हटली. मग गॅलरी आली आणि ती अडकली.

"इथे कशावर ठेवलंय?"

"खुर्चीवर. पण तिथे हे बसलेत."

"हे म्हणजे?"

"आमचे हे. रिटायर झाल्यापासून तिथेच मुक्काम असतो. पूर्वी दिवसभर मी एकटीच असायचे ना घरी."

"काही म्हणतायत का?"

तिने मिटल्या डोळ्यांनी कान दिला. "चहा टाकतेस का, विचारतायत."

"आणि तुम्ही काय करताय?"

"काय करणार? वळले स्वयंपाकघराकडे."

आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. मास्तर तर स्टुलावरून पडायचेच बाकी होते. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. ती विसरत नव्हती. तिचं काही म्हणजे काही गेलं नव्हतं. इतकं मोकळं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"सुरू करायचं?" दिग्दर्शकाने विचारलं.

ती रंगमंचावर गेली. रॅक, आरसा, दिवाण, टीव्ही, कपाट. गॅलरीत पाऊल टाकलं आणि चहाचा प्रश्न आलाच.

"आज तुम्ही टाका," ती मनातल्या मनात म्हणाली, "आणि मलाही अर्धा कप आणा."

ते कुरकुरत उठले. तिचं वाक्य तिथेच होतं. इतके दिवस हे त्याच्यावर बसून होते.