मोफत दवाखाना

टांग्यांचे पाटे ठोकता ठोकता चिपळूणे मोटारींच्या सुट्या भागांचे कारखानदार झाले, आणि नाशकात द्वारका भागात गरिबांसाठी मोफत दवाखाना बांधून सरकारदरबारी रावसाहेबही झाले. शहरात त्यांचं नाव निघालं की लोक हात जोडायचे.

त्यांच्याच कारखान्यात आज अन्सारचा डावा अंगठा मशीनखाली येऊन मुळापासून तुटला. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या ताहेराने नवऱ्याच्या हाताला फडकं गुंडाळलं आणि त्याला धरून दवाखाना गाठला. तिथल्या कारकुनाने डॉक्टरला हाक मारायची सोडून एक छापील कागद पुढे सरकवला.

"काय लिहिलंय यात?"

"जखम घरी लाकडं फोडताना झाली, असं. कारखान्याच्या माणसाला हा कागद द्यावाच लागतो. रावसाहेबांच्या नावाला बट्टा लागायला नको."

"अहो, मशीन बिघडलंय म्हणून हे महिनाभर सांगत होते!"

"मग जा दुसरीकडे."

अन्सार भिंतीला टेकून पांढराफटक पडत चालला होता. ताहेराच्या मस्तकात तिडीक गेली, पण तिने दात आवळले. "बरं. काय करायचं?"

"सही येत नसेल तर डावा अंगठा उठवायचा," मान वर न करता कारकुनाने शाईची डबी उघडली.

ताहेराने पदराची गाठ सोडली. कब्रस्तानात दफन करायला म्हणून जपून आणलेला अंगठा तिने कागदावर ठेवला.



"शाई राहू द्या. तुमच्या मशीनचं काळं तेल अजून तसंच आहे त्याला."