केसांतला भुसा

सासूबाईंच्या हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. सात वर्षांची नात धावत आली आणि झाकणावर चक्क आडवी झाली. झाकण गप्प बसलं.

तिच्या आईने खिडकीकडे पाहिलं. तिथे तिचा नवरा भिंतीला पाठ लावून बसला होता. लढाईवरून परत येऊन त्याला तीन आठवडे झाले होते आणि तीन आठवड्यांत तो सलग तासभरही झोपला नव्हता. पायाशी त्याची पिशवी बांधून तयार होती. संध्याकाळच्या गाडीने जातो, एवढंच त्याने सकाळी सांगितलं होतं. कुठे जातो, ते नाही.

तो आला त्या दिवशी वाऱ्याने दार आपटलं होतं आणि एवढा धिप्पाड माणूस टेबलाखाली शिरला होता. तेव्हापासून घराने तोंडाला कुलूप लावलं. घंटीची वायर तिने स्वतः काढली. दारांच्या कडांना चिंध्या बांधल्या. सासूबाईंची हाक एरवी चार घरं ओलांडून जायची, त्या आता हातवारे करून मीठ मागत. आणि लेक, जिला सगळी गल्ली भोंगा म्हणायची, ती पाढेसुद्धा कुजबुजत म्हणत होती. एवढं करूनही तो निघालाच होता. आता आणखी काय बंद करायचं, हे तिला कळेना.

"चुकून पडलं हो," ती हळूच म्हणाली.

"मी खोलीत आलो की तुम्ही सगळे गप्प होता." तो तिच्याकडे बघत नव्हता. "दुपारी तीन तास कुठे असतेस?"

"भाजी आणायला..."

"रिकाम्या हाताने येतेस. आणि केसांत लाकडाचा भुसा असतो." त्याचा आवाज जराही चढला नाही, म्हणून तिला जास्तच भीती वाटली. "गल्लीच्या टोकाला सुताराचं दुकान आहे. मी विचारणारसुद्धा नव्हतो. मुकाट्याने जाणार होतो."

तीन आठवडे हा माणूस हे मनात घेऊन जागत होता! तिला राग आला, रडू आलं. करायला गेले काय आणि झालं काय! एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं, पण ते वाक्य ओठांवर येईना. आम्हाला तुमची भीती वाटते, हे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

भोंगा उठली. बापाच्या कानाला तोंड लावून कुजबुजली, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा, आईचं गणवेश शिवायचं मशीन सुतारकाकांकडे आहे. ते बंदुकीसारखं वाजतं ना, म्हणून. तिकडे करवतीच्या आवाजात कुणाला कळत नाही."

त्याने कोपऱ्यात पाहिलं. शिलाई मशीनच्या जागी आता कुंडी होती. कुंडीच्या भोवती फरशीवर चार पायांचे चार पांढरे डाग होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"अरे, तुला झोप लागावी म्हणून जिभा गिळून बसलोय आम्ही!" सासूबाईंचा मूळचा आवाज सुटला आणि कपाटातले पेले किणकिणले. त्याचे खांदे दचकले. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"आई, तिकडे लढाईवर असं सगळं गप्प झालं ना, की आम्ही ओळखायचो, आता होणार काहीतरी." त्याने तळहातांनी डोळे चोळले. "घरात पाऊल टाकल्यापासून मी त्याचीच वाट बघतोय."

मग तो उठला आणि अनवाणीच बाहेर पडला.

ती दारात आली. तो सुताराच्या दुकानाकडेच वळला. तिथे पटाशा होत्या, हातोडे होते, आणि याला तीन आठवडे झोप नव्हती. ती उंबऱ्यावरच उभी राहिली. बराच वेळ गेला. मग दोघे दिसले. मधे मशीन होतं. सुतार पुढे, घामाने निथळत, आणि तो मागे.

"वहिनी, गणवेशातून भुसा निघाला म्हणून शाळेच्या बाई मलाच बोलून गेल्या," सुतार म्हणाला, आणि मशीन चार डागांवर टेकवून, पाणीही न पिता निघून गेला.

"शिव," नवरा म्हणाला.

तो मशीनशेजारी फरशीवर आडवा झाला. पिशवी त्याने उशाला घेतली. तिने कापड सरकवलं, पाय चालवला. पहिल्या खडखडाटाला त्याच्या मुठी वळल्या. ती थांबली.

"शिव गं."

तिने पुन्हा सुरुवात केली. सासूबाईंनी अंदाज घेत एक पातेलं आपटलं. मग दुसरं. भोंगाने सातचा पाढा घसा फाडून म्हटला, सात सत्तेला चुकली, आणि आजीने तिला तेवढ्याच मोठ्याने रागावून घेतलं. या गोंगाटात कधीतरी त्याच्या मुठी सैल पडल्या. तोंड किंचित उघडलं. तो घोरू लागला.

गाडीची वेळ आली आणि टळून गेली. गणवेशाची शेवटची बाही झाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तिने पाय थांबवला. लगेच त्याच्या पापण्या थरथरल्या, हात पिशवीच्या बंदाकडे गेला.

शिवायला आता काहीच नव्हतं. तिने घाईघाईने सुईतला दोरा ओढून काढला आणि रिकामंच मशीन चालवायला घेतलं.