मागून आलेल्या काठ्या

कटाडिनचं शिखर म्हणजे जॉर्जियापासून डोंगरांतून महिनोन्महिने चालत यायच्या लांबलचक पायवाटेचा शेवट. आयलीन त्याच्या चढावरून दोनदा माघारी गेली होती. तिसऱ्यांदा माघारी फिरणार नाही, असं तिने मैत्रिणीला, मार्गोला, निघतानाच बजावलं होतं.

ऐन चढावर धुक्यात मागून चालण्याच्या काठ्यांची टकटक ऐकू आली. भरभर येणाऱ्याला वाट द्यायची, हा इथला रिवाज. दोघी कडेच्या खडकाला टेकून उभ्या राहिल्या.

टकटक जवळ आली, त्यांच्या पुढ्यातून गेली आणि वर चढत राहिली. वाटेवर कोणीच नव्हतं.

"खाली चल गं," मार्गो पुटपुटली.

"जॉर्जियापासून इथवर चालत येऊन? वेडी की काय! वाट त्याची, तशी माझीही."

आयलीन चढू लागली, तशी वरची टकटक थांबली. मग काठ्या दगडांवरून घासत वाटेच्या कडेला सरकल्याचा आवाज आला.

मार्गोने आयलीनची बाही ओढली. "ते आपल्याला वाट देतंय."

"मग घेऊ या की. चांगल्या वळणाचं दिसतंय!"

मार्गोचा हात धरून आयलीन मान ताठ ठेवून निघाली. त्या जागेवरून जाताना तिच्या गालाला कोणाचा तरी धापा टाकणारा, ऊबदार श्वास लागला.

"आभारी आहे," ती मोठ्याने म्हणाली, आणि थांबली नाही.