सगळ्यांना पट्टी

ओळीत आठ जण उभे होते आणि पट्टी एकाच्याच हाताला होती. डावीकडून तिसरा. उजवी बाही दुमडलेली, मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी. वकीलबाईंना आणखी काही बघायची गरजच उरली नाही.

हल्ल्याला चारच दिवस झाले होते. पोलिसांनी कोर्टापुढे न आणता चाळीस दिवस कोठडीत डांबलेल्या एका माणसासाठी त्यांनी याचिका लावली होती. ती मागे घ्या म्हणून धमक्या येतच होत्या. मग भर दुपारी, ऑफिसच्या जिन्यात, तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस सुरा घेऊन धावून आला. बाईंना न्यायला आलेला थोरला भाऊ मध्ये पडला. पहिला वार त्याच्या पोटात बसला, दुसरा मानेत. बाईंच्या हातात फाइल शिवायचा टोचा होता. तोच त्यांनी त्या माणसाच्या उजव्या हातात, कोपराच्या खाली, मुठीपर्यंत खुपसला. उपसला आणि पुन्हा खुपसला. तो किंचाळत पळाला. भाऊ पायरीवर टेकला, मानेवर हात दाबून म्हणाला, "काही नाही गं, थोडं लागलंय." आणि बसल्या बसल्या गेला.

आत येताना वहिनीने दारात हात धरला होता. "वन्सं, आज कायदा घरी ठेवा. नुसता हात ठेवा त्याच्या खांद्यावर."

ओळख परेडीत तेवढंच करायचं असतं. ज्याला ओळखलं त्याच्या खांद्यावर हात. मॅजिस्ट्रेट टेबलाशी बसले होते, फौजदार त्यांच्या मागे. आठांतला एक संशयित, बाकीचे सात रस्त्यावरून गोळा केलेले, असं कागदावर लिहिलं होतं.

बाई तिसऱ्यासमोर थांबल्या. त्याचे ओठ सुजले होते आणि तो टाचा टेकवत नव्हता. तळपायांवर मार खाल्लेली माणसं अशीच उभी राहतात, हे बाईंना पंधरा वर्षांपासून माहीत होतं. त्या माराविरुद्धच त्या भांडत आल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यांना त्याचं बरं वाटलं. याचे डोळे बोटांनी फोडावेत असं वाटत होतं.

"बाई, करवत लागलीय," तो पुटपुटला. "सुतार आहे मी."

सगळे असंच म्हणतात. बाईंनी हात उचलला.

पण जित्याची खोड. दोन वर्षांपूर्वी अशाच ओळीत एकट्यालाच दाढी होती, तेवढ्या मुद्द्यावर त्यांनी एकाची जन्मठेप उलटवली होती. स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत त्यांनी हात खाली घेतला.

"साहेब, ही ओळख होत नाही," त्या मॅजिस्ट्रेटना म्हणाल्या. "मी माणूस ओळखत नाहीये, पट्टी ओळखतेय. सगळ्यांना पट्ट्या बांधा. मला बाहेर पाठवा आणि ओळ बदला."

फौजदार हसला. "कमाल आहे. सख्खा भाऊ गेलाय तुमचा, आणि तुम्ही त्याच्या मारेकऱ्याचं वकीलपत्र घेताय?"

दाराबाहेर वहिनीने ते ऐकलं आणि भिंतीवर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. शिपायाने तिला ओढून बाजूला केलं तेव्हा भिंतीवर रक्त होतं. बाईंना धावत जाऊन तिला मिठीत घ्यायचं होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. "यांचं म्हणणं बरोबर आहे. कंपाउंडरला बोलवा. सगळ्यांनी उजव्या बाह्या कोपरापर्यंत वर घ्या."

बाह्या वर जाऊ लागल्या. उजव्या टोकाचा माणूस तेवढा फौजदाराकडे बघत राहिला.

"साहेब, मी गाडी काढतो," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला मीटिंगला उशीर होतोय."

फौजदाराने मान दुसरीकडे वळवली.

वकीलबाई ओळीच्या टोकाशी गेल्या. त्याच्या मनगटाचं बटण त्यांनी स्वतःच काढलं आणि बाही वर सारली. कोपराच्या खाली, खपली धरलेली, भोकं दोन होती.